केवढ्याला घेतलंसा?

गेल्या रविवारी कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्यावरील एका रोपवाटिकेतून मी 1450 रुपयांना एक झाड विकत घेतले आणि ते मांडीवर घेऊन संभाजीनगर स्टँडकडे जाणाऱ्या वडापच्या, म्हणजे माणशी भाडे घेऊन प्रवासी भरणाऱ्या, रिक्षात बसलो. या वाक्याचा पहिला अर्धा भाग ही चूक आहे, असे माझ्या पत्नीचे मत झाले असते. परंतु तिला तो भाग अद्याप ठाऊक नाही. दुसरा अर्धा भाग ही चूक आहे, असे माझे मत आहे आणि आठवडा उलटत आला तरी ते बदललेले नाही.

झाड का घेतले, ते थोडक्यात सांगून टाकतो. आमच्या नव्या फ्लॅटची सजावट करणाऱ्या तरुणाने बैठकीच्या खोलीतील एका कोपऱ्याकडे बराच वेळ पाहिले आणि तो म्हणाला, “काका, इथं काहीतरी स्कल्प्चरल पाहिजे. आणि लो मेंटेनन्स.” शिल्पकलेचे कोल्हापूरला वावडे आहे असे नाही. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर याच जिल्ह्यात आहे आणि बिंदू चौकात महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे 1950 पासून उभे आहेत. मात्र यांपैकी कोणत्याही शिल्पाला पाणी घालावे लागत नसल्यामुळे, कुंडीत लावायच्या शिल्पाविषयी माझे ज्ञान शून्य होते.

रोपवाटिकेतील मुलाने जे झाड पुढे केले, त्याचे नाव युफोर्बिया ट्रायगोना. अडीच फूट उंच, तीन कडांचे हिरवे खोड, प्रत्येक सपाट अंगावर दह्याचे शिंतोडे उडाल्यासारखी पांढरट नक्षी, कडांवर जोडीजोडीने उगवलेले तांबूस काटे आणि काट्यांच्या मधून डोकावणारी चमच्याएवढी पाने. मधल्या खोडाला चार फांद्या होत्या आणि त्या आडव्यातिडव्या न पसरता, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलाच्या बोटांसारख्या सरळ वर गेल्या होत्या. चारही बाजूंनी ते सारखेच दिसत होते आणि मी पैसे मोजले ते या सारखेपणाचे, हे पुढील हकिगतीसाठी ध्यानात ठेवावे. “पंधरा-वीस दिवस पाणी विसरलासा तरी चालतंय. विसरलासा तर उलट बरंच,” असे त्या मुलाने सांगितले. विसरणे हीच ज्याची सेवा, असे कोणी मला आयुष्यात प्रथमच भेटत होते.

रिक्षात माझ्यासमोर एक मावशी बसल्या होत्या. इस्पुर्लीच्या बाजूकडून आलेल्या, कळंब्याला गाडी बदललेल्या, नऊवारी नेसलेल्या आणि पायाशी भुईमुगाच्या शेंगांचे पोते घेऊन लेकीकडे निघालेल्या. रिक्षा हलण्यापूर्वीच त्यांनी झाडाकडे, मग माझ्याकडे आणि पुन्हा झाडाकडे पाहिले आणि विचारले, “केवढ्याला घेतलंसा?”

बाहेरगावच्या वाचकांसाठी येथे थोडा खुलासा करणे भाग आहे. अनोळखी माणसाला त्याच्या वस्तूची किंमत विचारणे हा आमच्याकडे आगाऊपणा मानला जात नाही. तो जिव्हाळा असतो. उत्तर न देणारा माणूस मात्र शिष्ट ठरतो. आपण कोणताही आकडा सांगितला तरी समोरच्याला तीच वस्तू त्याहून स्वस्त मिळालेली असते, आणि ती जिथे मिळते त्या दुकानाचा पत्ता, दुकानदाराचे नाव व त्याच्या मुलीच्या लग्नाची तारीख आपल्याला ऐकून घ्यावी लागते. शर्ट, गाडी, गुडघ्याची शस्त्रक्रिया, काहीही यातून सुटत नाही. मी याच शहरात वाढलो आहे, मीही लोकांना विचारतो, आणि तरीही मला हा प्रश्न आला की घाम फुटतो. 1450 हा आकडा माझ्या जिभेवर आला, तेथेच घसरला आणि बाहेर पडताना “दोनशे” झाला.

दोनशे ही रक्कम निरुपद्रवी असेल, अशी माझी कल्पना होती.

“दोनशे?” मावशींनी हनुवटीला हात लावला. “निवडुंगाला दोनशे?” मग त्या चालकाकडे वळल्या. “ऐकलंस काय रं? ह्यांनी निवडुंग इकत घेतलाय. दोनशेला.”

चालक भला माणूस होता. त्याने आरशातून माझी अवस्था पाहिली आणि म्हणाला, “कुंडी धरून असंल की मावशी.”

“कुंडी पलाष्टिकची हाय,” मावशींनी नखाने ती वाजवून दाखवली.

या ठिकाणी गप्प बसलो असतो तर ही हकिगत येथेच संपली असती. परंतु आदल्या रात्री मी या झाडाविषयी पुष्कळ वाचून ठेवले होते आणि वाचलेले फुकट जाऊ नये, अशी माझी जुनी खोड आहे. मी म्हणालो, “मावशी, हा आपल्याकडचा निवडुंग नव्हे. हे आफ्रिकेतलं झाड आहे.”

“आफ्रिकेसनं आलंय?”

“हो.”

“आणि दोनशेत?” त्यांनी क्षणभर विचार केला. “आमास्नी गारगोटीसनं कोल्हापूरला यायला अर्ध्या तिकिटात बी किती पडतंय ठावं हाय का?”

खोट्या आकड्याची अडचण अशी असते की पुढचे प्रत्येक सत्य त्यात कोंबून बसवावे लागते. मी घाईघाईने सांगू लागलो, की झाड तिकडचे असले तरी रोपे इथेच फांदीपासून तयार करतात. की रोपवाटिकेच्या पाटीवर कॅक्टस लिहिले असले तरी हे कॅक्टस नव्हेच. की खरे कॅक्टस जवळजवळ सगळे अमेरिका खंडांतले, आपला फड्या निवडुंगसुद्धा मूळचा तिकडचाच. कमी पाण्याच्या मुलखात राहून दोन निरनिराळ्या घराण्यांना सारखेच रूप आले. फरक ओळखायचा तर कॅक्टसचा काटा एका बारीक लवदार गादीतून निघतो आणि यांच्यात चीक असतो. “आपला शेर आणि त्रिधारी निवडुंग मात्र याच घराण्यातले,” असेही मी जोडले. हे वाक्य मी का उच्चारले, याचा मी आठवडाभर विचार करीत आहे.

“मग मी काय म्हणतोय?” मावशी म्हणाल्या. “त्रिधारीच हाय. कुपाटीचं. थांबा, चीक बघू या.”

आणि मी “नको, नको” म्हणेपर्यंत त्यांनी चार फांद्यांपैकी एक, काटे चुकवून, भेंडी मोडावी तशी मोडली. मोडताना आवाजही भेंडीसारखाच झाला. तुटलेल्या जागेतून दुधासारखा पांढरा चीक भराभर ओघळला, कुंडीवर आला, कुंडीवरून माझ्या शर्टावर आला. मावशींच्या चेहऱ्यावर फिर्याद जिंकल्याचे समाधान पसरले. “बगा. चीक!” त्यांनी फांदी माझ्या हातात दिली. “ही बी लावा. येतंय. आता दोनशेत दोन झाली.”

या चिकाबद्दल मी विनोद करणार नाही, कारण तो त्वचेला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फार त्रास देतो. “डोळ्याला हात लावू नका,” असे मी त्यांना कळवळून सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की पोहायला शिकवणाऱ्या पोराकडे पंचगंगेने पाहावे. “पायात काटा मोडला की आमी शेराचा चीकच लावतोय, लेकरा,” असे म्हणून त्यांनी बोटे पदराला नव्हे, तर माझ्या पिशवीला पुसली. अहो-जाहोवरून त्या लेकरावर आल्या होत्या, म्हणजे माझी आता कीव केली जात होती.

या कुळाला युफोर्बिया हे नाव कसे पडले, याची एक चांगली गोष्ट आहे. उत्तर आफ्रिकेतील प्राचीन मॉरेटानियाचा राजा दुसरा जुबा याने एका चीकवाल्या झाडाला आपल्या पदरच्या युफोर्बस नावाच्या वैद्याचे नाव दिले. हा मान होता की टोमणा, हे त्या वैद्याला कळले असेल काय, असा प्रश्न मला वाचताना पडला होता. ही गोष्ट मी मावशींना सांगणार होतो. शर्टावरचा डाग मोठा होत चालल्यामुळे ती राहून गेली.

“दोनशे रुपये,” मावशी पुन्हा मूळ मुद्द्यावर आल्या. “आमच्या बांधावर यायचं. ट्रॅक्टरचा टेलर भरून न्यायचा. कोण इचारतंय? वर आणि जेवून जायाचं.”

आता मात्र मला राग आला. हा राग हसून दाखवण्याजोगा नव्हता, खरा होता. मी कोणाचे काही घेतले नव्हते. स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या घरासाठी, एक निरुपयोगी वस्तू घेण्याची हौस मला पंचावन्नाव्या वर्षी झाली होती आणि तिचा हिशेब मी 15 रुपये भाड्याच्या रिक्षात, चीक पुसत, देत होतो. मी जरा कडकच म्हणालो, “बरं मावशी, येतो मग. पुढच्या रविवारी. पत्ता सांगा.”

मावशी थोडा वेळ बाहेर बघत राहिल्या.

“आता कुठलं ऱ्हायलंय,” त्या म्हणाल्या. “दोन सालामागं पोरानं जेसीबी लावून समदं काढलं. तारंचं कंपाउंड केलंय.”

म्हणजे ज्या फुकट निवडुंगापुढे माझा निवडुंग महाग ठरत होता, तो निवडुंग मुळात शिल्लकच नव्हता. पावणेतीन किलोमीटर मी ज्या मालाशी स्पर्धा केली, तो माल बाजारात नव्हता. हे जाहीर करून मी निदान बरोबरी साधायला हवी होती. पण मावशी पोत्यातली एक शेंग काढून तिची टरफले मन लावून सोलू लागल्या होत्या आणि मला ते जमले नाही. एकीकडे शेळ्या आत येऊ नयेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेले कुंपण उपटून तार ओढायची आणि दुसरीकडे त्याचाच आफ्रिकेतला चुलतभाऊ काचेच्या खिडकीपाशी मांडून त्याला शिल्प म्हणायचे, असा हा एकूण व्यवहार आहे, आणि त्यात गंमत आहे असे मला रिक्षात बसल्या-बसल्या वाटले नाही. आमच्या फ्लॅटमध्ये तुळशीला जागा नाही. बाल्कनी बैठकीत घेतली, तेव्हा ती गेली. तिचे रोज पाणी मागणे कोणाला झेपत नव्हते, हेही खरे.

या झाडाचा एक गुण मला खरोखर आदरणीय वाटतो. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडी ठेवतात. हे मात्र रात्री गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवते आणि उन्हाच्या वेळी मिटून बसते, म्हणजे पाणी उडून जात नाही. दिवसाढवळ्या तोंड मिटून राहण्याची ही विद्या मांडीवर घेऊनच मी त्या रिक्षात बसलो होतो.

स्टँड आले. मी एका हातात झाड, दुसऱ्या हातात तुटकी फांदी आणि दातांत पिशवी धरून उतरू लागलो, तेव्हा मावशींनी मला थांबवले.

“दादा, ती चिठ्ठी काढा आधी.”

कुंडीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे सबंध प्रवासभर मावशींच्या डोळ्यांसमोर, ठळक आकड्यांत 1450 लिहिलेला कागद चिकटवलेला होता.

“मी बसल्या-बसल्याच वाचलंय,” त्या म्हणाल्या. “चौथीपातूर शिकलोय आमी. म्हटलं, दोनशे सांगताना येवढं लाजतंय माणूस, तर चौदाशेला किती लाजंल. म्हणून तेवढ्यावरच थांबलो.”

ज्याला त्या थांबणे म्हणत होत्या, ते मी वर सविस्तर नोंदवले आहे. चालक हसला नाही. त्याने फक्त सुटे पैसे परत देताना “वहिनी बघायच्या आत काढा, सायेब,” एवढे हळूच सांगितले.

जिन्यात उभे राहून मी तो कागद नखाने खरवडून काढला. शर्टाचा डाग तीन धुण्यांनंतरही गेलेला नाही. दुधासारखा पांढरा येणारा हा चीक कापडावर वाळला की तपकिरी होतो. सजावट करणाऱ्या तरुणाने जखम पाहिली आणि तुटकी बाजू भिंतीकडे वळवून दिली, त्यामुळे माझ्या शिल्पाला आता एकच बाजू आहे. तुटकी फांदी वर्तमानपत्रावर सावलीत वाळत ठेवली आहे, कारण तिचा चीक सुकून कापलेली जागा मिटल्याशिवाय मातीत खोचली तर ती कुजते. कुजण्याची भीती मोठ्या झाडालाही आहे. कोल्हापुरात पाऊस सुरू झाला की राजाराम बंधाऱ्याची 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी लहान पोरालाही पाठ असते. पण ज्याला पाणी घालायचेच नाही अशा झाडाच्या बशीला पातळी आखलेली नसल्यामुळे, घरी येणारा प्रत्येक पाहुणा हातातल्या पेल्यात उरलेले पाणी तिथे मायेने ओततो. देखभाल नको असलेल्या झाडावर मी सध्या दिवसभर पहारा देत असतो.

पत्नीने पहिल्याच संध्याकाळी विचारले, “केवढ्याला घेतलंत?”

आकडा तयारच होता. तो ऐकून तिने झाडाभोवती एक फेरी मारली, काटे निरखले आणि प्रथमच मोकळेपणाने म्हणाली, की दोनशेला काही वाईट नाही. मग ती आत गेली, पर्स घेऊन आली आणि तिने माझ्या हातावर 400 रुपये ठेवले. तिच्या दोन्ही बहिणींच्या घरी असेच रिकामे कोपरे आहेत.

उद्या रविवार. मी स्वतंत्र रिक्षा ठरवली आहे.