वॉल्टर पेटनच का?

शिकागोच्या उपनगरात राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. अमेरिकन फुटबॉल डोक्यात शिरायलाच त्यातली चार-पाच गेली. आता मात्र ऑफिसात वाद पेटला की मी मध्ये तोंड घालतोच. परवाचा विषय होता, सगळ्यात थोर रनिंग बॅक कोण?

(हा खेळ न बघणाऱ्यांसाठी: क्वार्टरबॅककडून, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूकडून, चेंडू घेऊन समोरच्या गर्दीत घुसतो तो रनिंग बॅक. कबड्डीतली चढाई आठवा, फक्त इथे पकड करणारे शंभर-सव्वाशे किलोचे.)

टेक्सासच्या सहकाऱ्याचं उत्तर तयारच होतं. एमिट स्मिथ, चेंडू घेऊन पळत कमावलेले 18,355 यार्ड, इतिहासात सर्वाधिक, विषय संपला! अहो, पण तो 15 हंगाम खेळला, आणि त्याच्या डॅलस संघाच्या चांगल्या दिवसांत त्याच्यापुढे वाट मोकळी करणारी ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे चालती-बोलती भिंत होती. "त्या लाइनमागून कुणीही पळालं असतं" हे मात्र मलाही पटत नाही. 1993 मध्ये पैशांवरून अडून तो पहिले दोन सामने घरी बसला, तर डॅलस दोन्ही हरलं. तो परतला आणि त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. माणूस मोठाच आहे. पण नुसत्या बेरजेनं थोरवी ठरवायची तर जो जास्त वर्षं टिकला तो थोर, एवढंच उरतं.

त्या हिशेबात जिम ब्राउन कुठे बसणार? 9 हंगाम, 118 सामने, 12,312 यार्ड. त्याच्या सुरुवातीच्या काळात हंगामच 12 सामन्यांचा होता. तरी 9 पैकी 8 वेळा तो लीगमध्ये पहिला! कारकिर्दीची सरासरी सामन्याला 104 यार्ड, आणि शंभरी ओलांडणारा तो एकटाच. क्रिकेटवाल्यांना ब्रॅडमन आठवेल. तिशीत, ऐन भरात असताना त्यानं खेळ सोडला. मैदानाबाहेर स्त्रियांना मारहाण केल्याचे आरोप त्याच्यावर वारंवार झाले. यार्ड मोजताना ते मध्ये येत नाहीत, पण त्याला 'आदर्श' वगैरे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बॅरी सँडर्सचे व्हिडिओ मी रात्री जेवताना बघतो. चार जणांच्या मधून हा बाबा निसटतो कसा, ते रिप्लेतसुद्धा कळत नाही. डेट्रॉइटच्या बेताच्या संघात 1997 मध्ये 2,053 यार्ड! पण त्याच्या नाचाची किंमतही होती. 1994 च्या हंगामात ग्रीन बेविरुद्धच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, 13 वेळा चेंडू घेतला आणि एकूण यार्ड उणे 1.

तर माझं मत वॉल्टर पेटनला. शिकागोत राहतो म्हणून, असं म्हणा हवं तर. 13 हंगामांत त्याचा एकच सामना चुकला, तोही पहिल्या वर्षी. 1977 च्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध तो फ्लूनं बेजार होता. त्या दिवशी 40 वेळा चेंडू घेऊन 275 यार्ड, आणि त्याचा शिकागोचा संघ, बेअर्स, जेमतेम 10-7 नं जिंकला. त्याच्यापाशी दुसरं कोण होतं, ते या स्कोअरवरून समजून घ्या. मार चुकवायला सीमारेषेबाहेर जायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. अंगावर येणाऱ्यालाच हा उलटा धडक द्यायचा.

आणि चेंडू हातात नसताना? क्वार्टरबॅककडे झेपावणाऱ्या धिप्पाड गड्यांना तो स्वतः आडवा जायचा. हे काम कुठल्याच यादीत धड मोजलं जात नाही, आणि मला तर रनिंग बॅकची खरी परीक्षा तिथेच वाटते. शिवाय 492 पास झेलले, आणि स्वतः पास फेकून 8 टचडाउन (चेंडू गोल लाइनपार नेऊन मिळणारे गुण) करवले.

अशा माणसाला जानेवारी 1986 च्या सुपर बोलमध्ये, बेअर्सनी 46-10 अशी धूळधाण उडवली तरी, एकही टचडाउन मिळालं नाही. गोल लाइनपाशी चेंडू दिला गेला तो विल्यम पेरीला, म्हणजे बचावफळीतल्या अगडबंब 'रेफ्रिजरेटर'ला! प्रशिक्षक माइक डिटका यांना पुढे याची रुखरुख लागून राहिली.

हे सगळं मी अगदी रंगून सांगितलं. टेक्सासवाल्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, स्मिथची सुपर बोलमध्ये 5 टचडाउन आहेत.

मी कॉफी आणायला उठलो.