डायलिसिसवाल्यांना मॅग्नेशियमच्या गोळ्या सुचवू नका

रविवारी तासगावला आत्याकडे जेवायला बसलो, तर तिच्या ताटाशेजारची सेव्हेलामरची, म्हणजे फॉस्फरस आवरायची, गोळी दिसेना. विचारलं तर म्हणाली, "त्या बंद केल्यात रे. आता ह्या बिया खाते." फडताळात बरणीभर भोपळ्याच्या बिया आणि शेजारी मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली. आत्या आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिसला जाते. भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: 'डायलिसिसमध्ये पीटीएच वाढतं ते मॅग्नेशियम कमी पडल्यानं. रोज दोन गोळ्या, मूठभर भोपळ्याच्या बिया. महिन्यात पीटीएच नॉर्मल, फॉस्फरसच्या गोळ्या बंद.' (पीटीएच म्हणजे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींतून सुटणारं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन.)

आधी मॅग्नेशियमच्या गोळ्यांचं बोलू. जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकतात ती मूत्रपिंडं, आणि आत्याची तीच बंद पडलीत. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते रक्तात साचतं. फार वाढलं की हातापायांतली ताकद जाते, गुंगी येते, बीपी पडतं, श्वास मंदावतो, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून तर अशा पेशंटना मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं किंवा पोट साफ होण्याचं औषधसुद्धा परस्पर घेऊ देत नाहीत. आणि हे सांगतायत रोज दोन गोळ्या!

'फॉस्फरसच्या गोळ्या बंद' हेही तितकंच घातक. पीटीएच वाढतं ते मुख्यतः फॉस्फरस साचल्यानं, सक्रिय ड जीवनसत्त्व घटल्यानं आणि कॅल्शियम उतरल्यानं. सेव्हेलामर जेवणातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवतं. ते सोडून खायचं काय, तर १०० ग्रॅमला सुमारे १,२०० मिलिग्रॅम फॉस्फरस असलेल्या बिया. डायलिसिसवाल्यांना दिवसभराची मर्यादा साधारण ८०० ते १,००० सांगतात. बियांतला सगळा फॉस्फरस अंगात शोषला जात नाही, मान्य. पण पोटॅशियमही आहेच ना त्यात!

'महिन्यात नॉर्मल' कशाला? जगभरचे किडनीचे डॉक्टर मानतात त्या केडिगो या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत डायलिसिसवर पीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या साधारण २ ते ९ पट चालतं. लॅबची मर्यादा ६५ असेल तर १३० ते ५८५. कमी करायला सुचवलेली औषधं म्हणजे कॅल्सिट्रायॉल, त्याच्या जातीची ड जीवनसत्त्वं आणि सिनॅकॅल्सेटसारख्या गोळ्या. मॅग्नेशियम त्या यादीत नाही.

एक कबूल करतो. कॅल्शियमसारखंच मॅग्नेशियमही ग्रंथीतून पीटीएच सुटणं कमी करतं, पण बरंच कमी प्रमाणात. ज्यांचं मॅग्नेशियम जास्त, त्यांचं पीटीएच कमी असं अभ्यासांत दिसलंय. काहींना खरोखर कमतरताही असते. पण ती रक्त तपासूनच कळते.

आत्याचं रक्त सोमवारी तपासायला दिलं. बाटली मी घेऊन आलोय. ज्यांनी तो मेसेज भिशीच्या ग्रुपवर टाकला, त्यांनी हेही तिथंच टाकावं.