‘सहल’ या शब्दाबद्दल

इराकी कुर्दिस्तानात, तुर्की सीमेलगतच्या बरवारी बाला भागात शांतता शिष्टमंडळासोबत घालवलेल्या अकरा दिवसांवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकानं नाव न देता प्रतिक्रिया लिहिली आहे. त्यांचे आक्षेप असे: शेलादिझे मी सुलेमानी प्रांतात दाखवलं, तुर्कस्तानशी लढलेल्या पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेबद्दल मी गप्प बसले, विमानभाड्याचे पैसे सरळ विस्थापितांच्या छावणीला द्यायला हवे होते. आणि हे वाक्य: ‘शांततेच्या नावाखाली केलेली ही हौशी सहल, तिनं एका तरी कुर्दाचं छप्पर परत आलं का?’

शेलादिझे दुहोक प्रांतात आहे. चूक माझी, दुरुस्त केली आहे, आभार.

आता सहल. २० जुलै २०२२ रोजी दुहोक प्रांतातल्याच झाखोजवळ परख इथं खरोखरच सहलीला आलेल्या माणसांवर तोफगोळे पडले. बहुतेक जण मध्य आणि दक्षिण इराकातल्या उन्हाळ्यातून थंडाव्याला आलेले. नऊ माणसं गेली, त्यांत लहान मूलही होतं. इराकनं तुर्कस्तानला जबाबदार धरलं, तुर्कस्ताननं नाकारलं. त्या मुलखातून आलेल्या बाईला ‘सहल’ म्हणण्याआधी आपण क्षणभर थांबला असतात तर बरं झालं असतं. मतभेद असू द्या, पण हा स्वर कुठला?

शिष्टमंडळात आम्ही सात जण होतो. सीमेलगतच्या एका गावातून खाली येऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या शेतकऱ्याकडे आम्ही दोन रात्री होतो. १९८८ मध्ये सद्दामच्या कुर्दांविरुद्धच्या अनफाल मोहिमेत त्याचं गाव जमीनदोस्त झालं. १९९१ नंतर बापलेकांनी ते पुन्हा उभं केलं, सफरचंदाची झाडं लावली. तुर्की सैन्याचे तळ वरच्या डोंगरांवर आले, ड्रोन घिरट्या घालू लागले, तेव्हा दुसऱ्यांदा सोडलं. आता तो पहाटे वर जातो, मधमाश्यांच्या पेट्या बघतो आणि ऊन चढायच्या आत परततो. बागेच्या वरच्या अंगाला जात नाही.

मी कुठली, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. जावळी तालुक्यातलं. दुभाष्यानं सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, ‘भरपाई मिळाली?’ मी म्हटलं, जमीन मिळाली, पण सातबाऱ्यावर नाव चढवायला वडिलांचं निम्मं आयुष्य गेलं. तो म्हणाला, ‘तुमच्याकडे अर्ज घेणारा तरी होता. इथं एर्बिलला, म्हणजे कुर्दिस्तानच्या सरकारला, विचारलं तर बगदादकडे बोट, बगदादला विचारलं तर एर्बिलकडे. तुम्ही बाहेर जाऊन सांगा.’ मी लेख लिहिला तो या एका वाक्यासाठी. आपण विचारता, छप्पर आलं का? नाही आलं. मी गवंडी म्हणून गेले नव्हते. बाहेरची माणसं गावात आहेत, बघताहेत, लिहून घेताहेत, एवढंच शांतता शिष्टमंडळाचं काम असतं आणि तेवढ्यासाठीच तिथल्या लोकांनी बोलावलं होतं. ते पुरेसं नाही हे तुमच्याआधी त्या शेतकऱ्याला कळतं, तरी त्यानं चहा ठेवला आणि चार तास बोलत बसला.

विस्थापन म्हणजे काय हे मला कुणी छापील कागदावरून शिकवलेलं नाही. पुनर्वसनाच्या गावठाणात, पत्र्याच्या शाळेत मी शिकले. बत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. तिकीट माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलं, कुणाच्या देणगीतून नाही. तेव्हा पैशांचा मुद्दा माझ्यापुरता इथंच संपला. छावणीला पैसे तुम्हीही पाठवू शकता, मी अडवलेलं नाही.

पीकेकेचं म्हणाल तर माझा लेख त्या संघटनेवर नव्हता. तिनं मे २०२५ मध्ये स्वतःचं विसर्जन जाहीर केलं, जुलैत सुलेमानी प्रांतात शस्त्रं जाळली. त्या राजकारणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मधमाश्यांच्या पेट्यांवर लिहिणारं मला कुणी दिसलं नाही.

नाव लपवून दुसऱ्याच्या हेतूवर बोट ठेवणं सोपं असतं, एवढं मात्र म्हणावंसं वाटतं. पुढच्या वेळी नाव लिहा, मी याहून सविस्तर बोलेन. पुढची तुकडी निघेल तेव्हा जाणाऱ्यांत माझं नाव आहे. त्या शेतकऱ्यानं सातबाऱ्याचा कागद कसा असतो ते बघायला मागितलंय, वडिलांच्या उताऱ्याची प्रत काढून ठेवली आहे.