चारशे भारीट, पण कशावरून?

काही वर्षांपूर्वी जानेवारीत सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या रस्त्यालगत हुरड्याला आलेल्या मालदांडी ज्वारीच्या रानात मला भारीट पक्ष्यांचा प्रचंड थवा दिसला. राखणदाराच्या गोफणीतून दगड सुटला की तो कणसांवरून एकदम उठे, बांधावरच्या बाभळी क्षणभर पिवळ्याधमक करून टाकी आणि दोन मिनिटांत पुन्हा खाली उतरे. घरी आल्यावर मी ई-बर्डवर, म्हणजे पक्षिनिरीक्षक आपल्या नोंदी जेथे टाकतात त्या संकेतस्थळावर, नोंद केली : लाल डोक्याचा भारीट, संख्या ४००. तिसऱ्या दिवशी आपल्या भागातील नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा ईमेल आला. थव्यातील माद्या मी कशाच्या आधारे ओळखल्या आणि थव्यात काळ्या डोक्याचे भारीट नव्हतेच याची खात्री कशी करून घेतली, एवढेच त्यात नम्रपणे विचारले होते.

मला राग आला, हे कबूल करतो. तोवर मी अठरा वर्षे पक्षी पाहत होतो, शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि हिप्परग्याच्या तलावावर नवख्या मंडळींना पट्टकादंब हंस दाखवायला मलाच बोलावले जाई. दोन दिवस मी उत्तर दिले नाही. मग, त्या गृहस्थांना निरुत्तर करावे या एकमेव हेतूने, त्या दिवशीचे फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. स्पष्ट ओळखू येणारे सात नर लाल डोक्याच्या भारिटाचे होते, चार नर काळ्या डोक्याच्या भारिटाचे होते, आणि उरलेला सगळा थवा पिवळट-करड्या माद्या व पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पक्ष्यांचा होता. या दोन जातींच्या माद्यांमध्ये कमरेवरच्या रंगछटेचा आणि चोचीच्या ठेवणीचा इतका सूक्ष्म फरक असतो की पक्षी हातात असला तरी जाणकार चाचरतात. मी सात नर पाहून चारशे पक्ष्यांचे नाव ठरवून टाकले होते. नोंद दुरुस्त केली : लाल डोक्याचा सात, काळ्या डोक्याचा चार आणि बाकी सगळे ‘या दोहोंपैकी एक’ या गटात. ई-बर्डवर असा गट मुद्दाम ठेवलेला आहे. तो वापरण्यात कमीपणा आहे, असे आपल्याकडे उगाचच मानले जाते.

पुढे हेच पडताळणीचे काम माझ्याकडे आले आणि गेली काही वर्षे मी ते करतो आहे. ही पोस्ट लिहिण्याचे कारण असे की ‘आमच्या नोंदीवर शंका घेणारे तुम्ही कोण?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे.

या कामाला मानधन नाही आणि कार्यालयही नाही. दिवसभराची नोकरी, दुकान किंवा शेती आटोपून रात्री जेवणानंतर लोक हे करतात. प्रत्येक भागासाठी, प्रत्येक महिन्यासाठी, कोणता पक्षी साधारण किती संख्येने दिसणे अपेक्षित आहे याची एक मर्यादा ठरवलेली असते. त्या मर्यादेपलीकडची संख्या, किंवा त्या ऋतूत तेथे अपेक्षितच नसलेला पक्षी, कोणी नोंदवला की ती नोंद आपोआप तपासणीसाठी बाजूला निघते. मे महिन्यात सोलापुरात कोणी थापट्या बदक नोंदवले तर ते खोटे ठरत नाही; फक्त ‘जरा सांगा बरे’ असे म्हटले जाते. खात्री पटली नाही तरी ती नोंद नोंदवणाऱ्याच्या स्वतःच्या यादीत राहते. सार्वजनिक नकाशावर आणि अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या माहितीत ती येत नाही, इतकेच. कोणाच्या वहीतले पान आम्ही फाडत नाही.

यावर हुशार माणसे म्हणतात की कोट्यवधी नोंदींच्या ढिगात एखादी चूक राहिली म्हणून काय बिघडते. साळुंकी, कावळा, होला यांच्या बाबतीत हे म्हणणे मी मान्य करतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ सालचा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो चास, म्हणजे आपला नीलपंख, कमी होत चालला आहे हे त्या अहवालाने आकड्यांत दाखवले. दीर्घकालीन कल काढता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जातींची घट झाल्याचेही त्यातच आहे. हे कळले ते दुर्मिळ पक्ष्यांच्या मागे धावणाऱ्यांमुळे नव्हे, तर सकाळी पंधरा मिनिटे गच्चीवर उभे राहून दिसलेले सगळे पक्षी, कावळ्यापारव्यांसकट, इमानेइतबारे लिहिणाऱ्यांमुळे. यादी पूर्ण असेल तरच तीत नसलेला पक्षी ‘दिसला नाही’ असे म्हणता येते. अशा यादीत कोणी पाचाऐवजी सहा चिमण्या लिहिल्या तर आभाळ कोसळत नाही.

दुर्मिळ पक्ष्याचे गणित मात्र उलटे असते, कारण तेथे एकेक नोंद नकाशा बदलते. आपल्या खानदेशातील रानपिंगळ्याचे उदाहरण मी प्रत्येक शिबिरात सांगतो. हा पिंगळा १८८४ नंतर कोणालाही खात्रीने सापडला नव्हता. अपवाद एकच होता : रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळवल्याचे सांगितलेला नमुना, म्हणजे जतन करून ठेवलेला मृत पक्षी. पुढील शोधाच्या दृष्टीने ही सर्वांत अलीकडची जागा ठरली आणि लोकांनी ती विश्वासाने धुंडाळली. नाव मोठे, नमुना संग्रहालयातला, चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण. याहून अधिक पुरावा कोणी मागावा? अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी मागितला. त्यांच्या तपासणीत उघड झाले की तो नमुना संग्रहालयातूनच चोरलेला, जेम्स डेव्हिडसन या पक्षिसंग्राहकाने खानदेशात मिळवलेल्या जुन्या नमुन्यांपैकी एक होता. तो नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. खोटी जागा वगळून खऱ्या नोंदींच्या जागा पाहायचे ठरल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे मेळघाटात त्याचे चांगले अस्तित्व आढळले आणि २०१४ साली तर तो थेट ठाणे जिल्ह्यातील तानशाच्या जंगलात मिळाला. एका खोट्या चिठ्ठीने अनेकांना भलत्याच रानात फिरवले होते.

आमच्याकडे येणाऱ्या चुकीच्या नोंदींत अशी लबाडी जवळजवळ कधीच नसते, हेही सांगितले पाहिजे. असते ती उत्सुकता. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडून दर पावसाळ्यात एखादा धूसर फोटो येतो आणि उंच गवतात मान वर काढून उभी असलेली लांडोर त्यात माळढोक म्हणून हजर असते. पाठवणाऱ्याच्या मनात तो पक्षी परत यावा ही इतकी खोल इच्छा असते की ‘लांडोर आहे’ हे कळवताना माझ्याच जिवावर येते.

दुसरा प्रकार अलीकडचा आहे. मोबाइलवरील मर्लिन हे ॲप पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवते. मी स्वतः ते वापरतो आणि पर्णवटवट्यांच्या बारीक आवाजांकडे माझे कान त्यानेच वळवले. परंतु पडद्यावर नाव उजळले की लगेच यादीत खूण करायची, झाडाकडे वर पाहायचेही नाही, ही सवय घातक आहे. कोतवाल हा पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. ॲपने ‘शिक्रा’ म्हटले आणि फांदीवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी बसला असेल, तर यादीत कोणाचे नाव जायचे, हे ॲपने ठरवायचे नसते.

आता आमच्या बाजूचे दोष. पडताळणी करणाऱ्यांत, मी धरून, एक वाईट खोड शिरली आहे : फोटो असेल तर मान डोलवायची आणि नसेल तर भुवई उंचावायची. याचा परिणाम असा की लाखभर रुपयांची लेन्स खांद्यावर असलेल्या माणसाची नोंद सहज पुढे सरकते आणि रोज माळावर असणाऱ्या माणसाची अडकते. फोटो उपयोगी असतो, परंतु तो एका क्षणाचा आणि एका कोनाचा असतो. हिरवा तुतवार आणि ठिपकेवाला तुतवार हे पाणथळीतले दोन पक्षी चिखलात उभे असताना फोटोत गोंधळ होऊ शकतो. पण ‘उडाला तेव्हा पंखांखालची बाजू काळपट होती आणि कमरेचा पांढरा भाग पाकोळीच्या कमरेसारखा चमकला’ एवढे एक वाक्य कोणी लिहिले, तर तो हिरवा तुतवार हे मी डोळे मिटून मान्य करीन. दुर्दैवाने नोंदीखालच्या टिप्पणीच्या चौकटीत बहुतेक लोक ‘नीट दिसला’ एवढेच लिहितात. नीट दिसला म्हणजे काय दिसले? चोच, पाय, भुवई, चाल, आवाज, शेजारी कोणता पक्षी होता आणि त्याच्या मानाने हा केवढा होता, हे लिहिले पाहिजे. आणि आम्ही प्रश्न विचारताना तयार इंग्रजी मजकूर न पाठवता समोरच्याच्या भाषेत, ‘आपण काय पाहिले ते सांगाल का’ असे विचारले पाहिजे. मला आलेला ईमेल मराठीत असता तर कदाचित माझे दोन दिवस रागात गेले नसते. (कदाचित गेलेही असते. विज्ञानाचा शिक्षक होतो मी.)

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्याच्या गावातील मेंढरे राखणाऱ्या मुलाची नोंद माझ्याकडे पाठवली : धाविक, तीन. फोटो नव्हता, दुर्बीण नव्हती. धाविक हा पळणारा पक्षी आमच्या माळावर असतो, पण माळटिटवीला धाविक समजण्याची चूक इतकी सर्रास होते की मी फोन लावून थेट मुलाशीच बोललो. काय पाहिले ते सांग, एवढेच म्हटले आणि गप्प बसलो.

“पळत होतं ओ सर. थोडं पळायचं, थांबायचं, वाकून काय तर टिपायचं, परत ताठ उभं. डोकं तांबूस. डोळ्यावरनं पांढरी रेघ, तिच्या खाली काळी, दोन्ही मागं मानंवर एकत्र येत्यात.”

“टिटवी नसेल कशावरून?”

“टिटवीला तोंडावर पिवळं कातडं असतंय की. ह्याला नव्हतं. आन् पाय पण पिवळे नव्हते, पांढुरके होते. टिटवी वरडती, हे वरडलं नाही.”

काय होते याबरोबर काय नव्हते हेही न विचारता सांगणारा निरीक्षक मला वर्षभरात क्वचितच भेटतो. नोंद मान्य करताना राहवले नाही म्हणून विचारले, की तीनच कशावरून.

“चार वाटलेवते,” तो म्हणाला, “जवळ गेलो तर एक ढेकूळ निघालं.”