बँड कसा सोडावा

बँड सोडायचा विचार आहे? अभिनंदन. अगदी योग्य माणसाकडे आलात. गेली तीसेक वर्षं मी बेस वाजवतोय आणि या एका वर्षात आमच्याकडून इतकी माणसं गेली की पोस्टरवर फोटो छापणंच बंद केलंय. नुसता लोगो टाकतो. गायक सोलो झाला, कीबोर्डवाला कॅनडाला गेला, गिटारवाल्याचं लग्न ठरलं. ड्रमर उरला होता, तोही परवा गेला. जाताना जे ज्ञान देऊन गेला ते माझ्यापाशीच सडू नये, म्हणून हा प्रपंच.

सगळ्यात महत्त्वाचं, आधी कोणाला सांगू नका. सांगितलं की 'का?' येतं, 'कधीपासून?' येतं, चहा येतो, समजूत काढणं येतं. त्यापेक्षा शुक्रवारी शो असेल तर मंगळवारी रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडा. ग्रुपच्या ॲडमिनला ती करडी ओळ सकाळी दात घासताना दिसेल. फोन आले तर उचलू नका. दोन दिवसांनी 'थोडी मेंटल स्पेस हवी होती भाई' असं टाका, शेवटी हात जोडलेले.

हे जरा जास्तच होतंय असं वाटलं तर इतिहास उघडा. जानेवारी 1968 मध्ये ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडवाले साउथॅम्प्टनच्या शोला निघाले होते. वाटेत त्यांच्याच गायक-गिटारवाल्या सिड बॅरेटला घ्यायचं होतं. गाडीत ठरलं, नको घ्यायला. ज्याच्या गाण्यांवर बँडचं नाव झालं त्याला न घेताच गाडी पुढे गेली. दुसरा गिटारवाला गिल्मोर आधीच आणून ठेवला होता, त्यामुळे शोही अडला नाही. फेब्रुवारी 1971 मध्ये फ्लीटवुड मॅक बँडचा गिटारवाला जेरेमी स्पेन्सर लॉस एंजेलिसमध्ये पुस्तकाच्या दुकानात जाऊन येतो म्हणून बाहेर पडला, तो आलाच नाही. शोधाशोध केल्यावर एका धार्मिक पंथात सापडला. दौरा पुरा करायला पीटर ग्रीनला परत बोलवावं लागलं, जो स्वतः आदल्या वर्षी बँड सोडून गेला होता! तेव्हा तुमच्या पाठीशी थोर परंपरा आहे. फरक एवढाच की सिडची प्रकृती खरोखर ढासळली होती, आणि आमच्या माणसाला त्याच शुक्रवारी लोणावळ्यात कोणाच्या तरी लग्नाच्या 'संगीत'मध्ये दुप्पट पैसे मिळत होते. हे आम्हाला इन्स्टाच्या स्टोरीतून कळलं. डोक्याला फेटा बांधून वाजवत होता. मेंटल स्पेस.

जॅम पॅडचे, म्हणजे सरावाच्या खोलीचे, थकलेले पैसे विसरून जा, मागे राहिलेले भरतील.

उसना घेतलेला सिंबल स्टँड परत द्यायची घाई करू नये.

कोणी कारण विचारलंच तर 'क्रिएटिव्ह डिफरन्सेस' म्हणावं. क्रिएटिव्ह काम कधी केलं होतं, हे कोणी विचारत नाही.

आता खरी कला. निघताना लॅपटॉप घेऊन निघा. लॅपटॉप तुमचाच आहे, त्यामुळे चोरी म्हणता येत नाही. गंमत त्यात काय आहे त्याची आहे. आमची गाणी क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्यावर चालतात. क्लिक ड्रमरच्या कानात, म्हणून सेशन, म्हणजे सगळ्या गाण्यांची फाइलही, ड्रमरच्या लॅपटॉपवर. कीबोर्डवाला कॅनडाला गेला तेव्हा नवा कोण शोधत बसणार, म्हणून त्याचे सगळे पॅड्स म्हणजे मागे रेंगाळणारे सूर, स्ट्रिंग्ज, मागचे कोरस रेकॉर्ड करून त्याच सेशनमध्ये भरले. तो तिकडे बर्फ उपसतोय आणि इकडे ठाण्यात, पुण्यात शो वाजवतोय, अशी सोय. ड्रमरनं लॅपटॉप बंद केला आणि कीबोर्डवाला दुसऱ्यांदा बँड सोडून गेला! टेम्पो गेले, कोणत्या गाण्यात कुठे किती बार थांबायचं ते गेलं, दोन गाण्यांमधली ती जोडणी गेली जिच्यासाठी आम्ही अख्खा पावसाळा जॅम पॅडच्या कोंदट वासात काढला. मागितलं तर 'फाइल हेवी आहे, बघतो'. काय बघतोस? किती दिवस बघतोस? लोणावळ्याला जायला पेट्रोल आहे, अपलोड करायला नेट नाही?

शुक्रवारी शो कोणी वाजवला ते ऐका. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारा एक पोरगा. बुधवारी रात्री स्वतःचा कार्यक्रम आटोपून आला, फोनवर गाणी ऐकत कागदावर खुणा करत बसला. सातवर आठचं, म्हणजे सात मात्रांचं गाणं आलं तेव्हा मी समजावायला तोंड उघडलं, तर तो मांडीवर 'ती ती ना धी ना धी ना' करत म्हणाला, "काका, रूपक ताल आहे ना?" आमचं गाणं तीन-दोन-दोनचंच आहे, चपखल बसलं. क्लिक नाही, पॅड्स नाहीत, तरी त्यानं शो काढला. दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून सावरला. जुन्या ड्रमरनं इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. आयोजकांनी मात्र 'बँड अर्धा बदललाय ना' म्हणत पाकीट हलकं केलं, ते वेगळंच.

बरं, थोर परंपरा म्हणालो ना, ती पुरी सांगतो. डिसेंबर 1972 मध्ये गायक इयान गिलननं डीप पर्पल या बँडला लेखी राजीनामा दिला. बँडात तेव्हा धड बोलणंही उरलं नव्हतं. तरी तो जून 1973 संपेपर्यंत गात राहिला, ओसाकाला शेवटचा शो केला आणि मग गेला. त्याच बँडचा गिटारवाला स्टीव्ह मॉर्स 2022 मध्ये बायकोच्या आजारपणासाठी थांबला. तसं सांगून थांबला, सायमन मॅकब्राइड आधी बदली म्हणून उभा राहिला, मग मॉर्सनं रीतसर निरोप घेतला. जाता येतं असं.

अरे, बँड सोडणं हा गुन्हा नाही. ओरिजिनल गाणी वाजवून घर चालत नाही, हे तू मला सांगणार? मुंबईच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाला माझ्याबरोबर रांगेत उभे असलेले कितीतरी जण पुढे बँकेत गेले, जाहिरातीत गेले, दुबईला गेले. जाताना फोन करून गेले. पैसे हवे होते तर म्हणायचंस की लोणावळ्याचं काम आलंय. तुझी तारीख मोकळी केली असती आणि त्या पोराला दोन रात्रींऐवजी आठवडा मिळाला असता. एका फोनची गोष्ट होती. तेवढीही लाज नाही? ग्रुपमधून पळतोस, वर हात जोडतोस?

सेशन आज रात्री ड्राइव्हवर टाक. पुढचा शो नाशिकला आहे आणि ती गाणी तुझ्या बापाची नाहीत.