मांजर खुन्नस काढत नाही, त्याचं नाक घासू नका

पाऊस लागला की आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपवर तो मेसेज हटकून फिरतो: मांजर शी-शूचा ट्रे सोडून घरात घाण करतं म्हणजे खुन्नस काढतं, त्याचं नाक त्यात घासा, जागा फिनेलने पुसा, कोपऱ्यात डांबरगोळ्या टाका, सरळ होईल. प्लीज असलं काही करू नका आणि पुढे तर पाठवूच नका.

खुन्नस वगैरे काही नसतं. एकतर त्याला दुखतंय नाहीतर ट्रे नकोसा झालाय. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, खालून चाटत सुटलाय आणि लघवी थेंबभर नाहीतर तीही नाही, तर घरचे म्हणतात पोट साफ होत नसेल, एरंडेल पाजा. अहो, बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, बारीक खडे अडकून ती बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जातो! सकाळची वाट बघू नका, तालुक्याला डॉक्टर नसेल तर जिल्ह्याला न्या.

नाक घासून त्याला एवढंच कळतं की या माणसापासून लांब राहायचं, मग ते कपाटामागे जाऊन करतं.

फिनेल तर सगळ्यात वाईट. मांजराच्या लिव्हरला त्यातलं फिनॉल नीट बाहेर टाकता येत नाही, मांजर ओल्या लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं, की गेलं पोटात. डांबरगोळ्याही विषारीच. शिवाय आपल्याला लघवीचा वास गेला वाटलं तरी मांजराला येतोच, म्हणून ते परत तिथेच जातं. डाग काढायला एन्झाइमवालं क्लीनर घ्या, पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन मिळतं.

आणि हे पावसातच का वाढतं, तर एरवी आपली मांजरं परसात माडाखाली माती उकरून मोकळी होतात, जूनपासून तिथे नुसता चिखल. मग कोरडं, मऊ काहीतरी शोधतात, म्हणजे तांदळाची गोणी नाहीतर घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा ढीग. ट्रे ठेवतात पण त्यात किनाऱ्यावरची वाळू, ती खारट असल्याने ओल धरते, गोळे होत नाहीत आणि लगेच वास मारते. बिनवासाचं, गोळा होणारं लिटर (म्हणजे मांजराच्या ट्रेत भरायचे विकत मिळणारे दाणे) दोन इंच भरा, रोज उपसा, जेवणाच्या जागेपासून लांब ठेवा, जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. शेपूट उभी करून भिंतीवर लघवीचा फवारा मारत असेल तर तो वेगळा प्रकार, त्याला बहुतेकदा नसबंदीने फरक पडतो.

बाहेर जायची सवय असलेल्या मांजराला लिटर अनोळखी वाटतं, म्हणून मे महिन्यातच परसातली सुकी माती डब्यात भरून ठेवा, सुरुवातीला ती लिटरमध्ये मिसळा आणि हळूहळू कमी करत जा.