दणकट

मी गाडीखाली पाठीवर पडलेला असतो, टॉर्च दातात धरलेला, आणि ऑइलचा थेंब नक्की कुठल्या नटावरून टपकतोय ते शोधत असताना तो बरोबर डोळ्यात पडतो, नेमकं तेव्हाच कुणीतरी येऊन उभं राहतं. मला फक्त पावलं दिसतात. वरून आवाज येतो, "काही म्हणा, पूर्वीच्या गाड्या दणकट हो!"

मी "हं" म्हणतो. तोंडात टॉर्च असताना दुसरं काय म्हणणार.

गाडी 1931 ची. कंपनीचं नाव सांगत नाही, ती केव्हाच बंद पडलीय आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बंद पडण्यात गाडीच्या आधी कंपनीचा नंबर लागला हे गाडीचं एकमेव यश. बरं, विंटेज म्हणून मिरवावं तर तेही धड नाही, इंग्लंडातल्या जाणकारांच्या हिशोबात विंटेज म्हणजे 1919 ते 1930 अखेरपर्यंतची, त्यामुळे आमची बाई थोडक्यात हुकली. हे मला गाडी घेतल्यावर कळलं. बऱ्याच गोष्टी गाडी घेतल्यावरच कळल्या.

म्हणजे सुरू कशी करायची हेसुद्धा. सेल्फ आहे, नाही असं नाही, पण बॅटरी 6 व्होल्टची, ती थंडीत एकदा "ऊंऽऽ" करते आणि झोपते. मग हँडल. आधी चोक ओढायचा, मग स्टिअरिंगवरची दांडी फिरवून ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं करायचं, मग पुढे येऊन हँडल लावायचं आणि अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही म्हणजे नाही. टायमिंगचं विसरलात तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल मनगटावर येतं. पूर्वी अशी इतकी मनगटं मोडायची की अंगठ्याच्या बाजूच्या त्या हाडाच्या फ्रॅक्चरला डॉक्टर लोक अजून 'शोफर्स फ्रॅक्चर', म्हणजे पगारी ड्रायव्हरचं फ्रॅक्चर, म्हणतात.

आता गंमत बघा. शोफर्स! मालकाचं फ्रॅक्चर असं नाव नाहीये त्याला. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला (6 व्होल्टचाच, पण पडला). या गाड्यांचं मॅन्युअल उघडा, दर आठवड्याला हे तपासा, दर पाचशे मैलांना इथे ग्रीस भरा, हजाराला ऑइल काढा, काही हजारांना इंजिनचं हेड उतरवून आतला कार्बन खरवडा. नुसती ग्रीस भरायची ठिकाणंच माझ्या गाडीला बावीस आहेत आणि त्यातली चार सापडायला मला दोन वर्षं लागली. हे सगळं करायला त्या काळी पगारी माणूस होता हो! मालक मागे बसून पेपर वाचायचा आणि गाडी फार दणकट आहे असं चारचौघात सांगायचा. माझ्याकडे मालकही मीच आणि शोफरही मीच, आणि मागच्या सीटवर पेपर पसरलेला असतो तो ऑइलने माखलेले पार्ट ठेवायला.

चालवण्याचं तर विचारूच नका. ॲक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे. हो, त्या काळी अशा बऱ्याच गाड्या होत्या, त्यांना काही वाटायचं नाही. मी आठवडाभर नवी गाडी चालवतो आणि रविवारी ही, त्यामुळे निघताना पहिली दहा मिनिटं मी मोठ्याने "मधला पळव, उजवा थांबव" असं म्हणत असतो. थांबव हा शब्दही जरा आशावादीच आहे म्हणा. ब्रेक केबलचे, चार चाकांच्या चार केबल आणि चौघींची चार मतं, त्यामुळे पेडल दाबलं की गाडी आधी डावीकडे बघते, मग विचार करते, मग थांबते. गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना आतल्या चाकांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही (ते 1928 मध्ये आलं, पण आमच्या कंपनीपर्यंत बातमी पोचली नसावी), म्हणून प्रत्येक गिअरला डबल क्लच मारायचा, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा, आणि चुकलं तर असा आवाज येतो की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा माझ्याकडे दयेने बघतात. वायपर इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर चालतो, म्हणजे चढावर ॲक्सिलरेटर दाबला की वायपर थांबतो. एकतर समोरचं बघा नाहीतर चढ चढा, दोन्ही मिळणार नाही. पाण्याला पंप नाही, गरम पाणी आपोआप वर जातं नि गार होऊन खाली येतं या भरवशावर सगळं चाललंय, ट्रॅफिकमध्ये अडकलं की भरवसा उकळायला लागतो.

आणि पाने! घरात मिलिमीटरच्या पान्यांचा अख्खा सेट होता, एकही बसेना. हे नट व्हिटवर्थचे, 1841 चं स्टँडर्ड, त्यात पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतोच, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंच लिहिलेला पाना मोजून बघितला तर अर्ध्या इंचाहून मोठा भरला. मी पाना परत करायला निघालो होतो, दुकानदार इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

त्यात बॉडीचा सांगाडा लाकडी, वरून पत्रा. एकदा दार खाली लोंबायला लागलं म्हणून मेकॅनिकला बोलावलं, त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, सुतार बोलवा." सुतार आला, त्याने बोनेटपासून डिकीपर्यंत एक फेरी मारली, आत एक बोट खुपसलं, बोट आरपार गेलं. कीड लागली होती. गाडीला कीड लागते हे मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अगदी स्वभावच आहे तिचा."

बायको या गाडीत बसत नाही. ती आमची नवी गाडी घेऊन मागून येते, सीटवर टो करायची जाड दोरी ठेवून. तिने त्या गाडीचं नाव 'ॲम्ब्युलन्स' ठेवलंय. आजवर अकरा वेळा दोरी बांधलीय, गाठ आता ती माझ्यापेक्षा चांगली मारते.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दोघांना निघायचं होतं, आणि ॲम्ब्युलन्स बंद. बटण दाबलं, काही नाही. स्क्रीन काळी. बॅटरी पार गेलेली. मी अंगणात जवळजवळ नाचलोच. म्हटलं थांब, माझ्या गाडीवरून जंप देतो, वायरी घेऊन धावलो आणि बोनेट उघडल्यावर आठवलं, तिची 12 व्होल्ट, हिची 6. शिवाय हिचं अर्थिंग प्लसला, म्हणजे बॉडीला बॅटरीचं मायनस नाही, प्लस टोक जोडलेलं. जोडलं असतं तर दोन्ही गेल्या असत्या. ढकलून सुरू करावी तर ती पडली ऑटोमॅटिक.

मग हँडल मारलं. एक. दोन. तिसऱ्याला धडधडली. बायको मुकाट्याने आत येऊन बसली, दार जरा जास्तच जपून लावलं, आणि आम्ही नवी बॅटरी आणायला निघालो. दुकानासमोर इंजिन चालूच ठेवून मी आत बसून राहिलो, बंद करायची छाती कुणाची, बॅटरी तीच उचलून घेऊन आली.

परत आलो तर शेजारचे काका गेटपाशी उभे. त्यांनी बोनेट उघडी पडलेली नवी गाडी बघितली, मग धूर सोडत आत येणारी जुनी बघितली आणि म्हणाले, "बघा! मी नेहमी म्हणतो ना, पूर्वीच्या गाड्या दणकट."

"हो ना काका," मी म्हटलं.

बाजूला बायको दोरी मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती.